मॅडम, उत्तर किती यायला पाहिजे?

फिजिक्सच्या लॅबमध्ये सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. जी (गुरुत्वत्वरण) काढायचा असेल तर ९८० च्या आसपास, सोडियमची वेव्हलेंग्थ असेल तर ५८९३ अँगस्ट्रॉम, आणि एकदा का हा आकडा कळला की रीडिंग मागून तयार होतात. खालून वर. आधी उत्तर, मग कॉलम, ग्राफवर आधी रेघ मारायची आणि मग तिच्यावर ठिपके बसवायचे, दोन-तीन जरा बाजूला टाकायचे म्हणजे खरं वाटतं. मागच्या बॅचचं जर्नल असतंच. एक्स्टर्नलला माहीत असतं, आम्हाला माहीत असतं, पोरांना माहीत असतं की आम्हाला माहीत आहे, तरी व्हायव्हा सगळे गंभीर चेहऱ्याने पार पाडतात. मी पोरांना ह्यात फार दोष देत नाही. ज्या प्रयोगाचं उत्तर पुस्तकात छापून आलंय त्याचं रीडिंग कुणी जीव लावून का घ्यावं?

म्हणून मला प्रॅक्टिकल म्हणून फुटणारे तारे आवडतात. तिथे जर्नल कॉपी करायची सोयच नाही, कारण उद्या त्या ताऱ्याचा उजेड किती असेल हे आज कुणालाच माहीत नसतं.

१९ मे २०२३ ला जपानच्या कोइची इतागाकी नावाच्या हौशी निरीक्षकाला (हौशी म्हणायचं फक्त, ह्या माणसाच्या नावावर दीडशेच्या वर सुपरनोव्हा, म्हणजे फुटलेले तारे, आहेत) एम१०१ ह्या दीर्घिकेत (गॅलॅक्सीत) एक नवीन ठिपका दिसला. नाव पडलं एसएन २०२३आयएक्सएफ. अंतर साधारण २ कोटी १० लाख प्रकाशवर्षं, आणि सुपरनोव्हाच्या हिशोबात हे अगदी शेजारचं घर. जागाही सोपी. सप्तर्षींच्या शेपटीत वसिष्ठ-अरुंधतीची जोडी आणि टोकाचा मरीची धरायचा, ह्या दोघांबरोबर ध्रुवाच्या बाजूला साधारण समभुज त्रिकोण होईल असा तिसरा बिंदू घ्यायचा, एम१०१ तिथे. नाशिकहून मे महिन्यात संध्याकाळी उत्तरेला चांगलं वर असतं.

सापडला तेव्हा तो १४.९ प्रतीचा होता आणि पुढच्या पाच-सहा दिवसांत ११ च्या जवळ आला. ज्यांना प्रत म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी, आकडा जितका छोटा तितका तारा तेजस्वी, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट. नुसत्या डोळ्यांना अंधाऱ्या जागी सहापर्यंत दिसतं. म्हणजे ११ प्रतीचा तारा डोळ्यांना दिसणाऱ्या शेवटच्या ताऱ्याच्याही शंभरावा भाग. ऐकायला भयंकर वाटतं पण कॅमेऱ्याला हे काहीच नाही.

हे शंभर पटीचं गणित पक्कं केलं नॉर्मन पॉगसनने १८५६ मध्ये, आणि हा माणूस पुढे १८६१ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८९१ पर्यंत, मद्रासच्या वेधशाळेत होता. त्याचे मदतनीस चिंतामणी रघुनाथाचार्य ह्यांनी तिथूनच आर रेटिक्युली हा रूपविकारी, म्हणजे उजेड कमी-जास्त होणारा, तारा शोधला, १८६७ मध्ये. आमच्या सिलॅबसमध्ये पॉगसनचं सूत्र आहे, मद्रास नाही. असो.

तर ह्या सुपरनोव्हाचा उजेड रात्रीमागून रात्र मोजायचा, त्यासाठी आमच्याकडे काय होतं? एका मित्राचा ८० मिमीचा रिफ्रॅक्टर (भिंगाचा टेलिस्कोप) आणि आभाळाबरोबर फिरणारं ट्रॅकिंग माउंट, आणि कॉलेजचा डीएसएलआर कॅमेरा जो एरवी फक्त गॅदरिंगला कपाटाबाहेर येतो. पोरं सुट्टीवर. त्यातली एक पोरगी निफाड तालुक्यातली, घरी द्राक्षबाग, आणि एक पोरगा सिडकोतला, ज्याचे वडील अंबडला सीएनसी मशीनवर आहेत. बाकी येऊन-जाऊन. नाशिक शहरातून एम१०१ चा फोटो म्हणजे नारिंगी धुकं, कॉलेज रोडवर तर विचारूच नका, त्यामुळे त्र्यंबकच्या बाजूला अंजनेरीजवळ जायचं की निफाडला ह्यावर बरीच चर्चा झाली आणि पोरीच्या आईने "आमच्या स्लॅबवर करा की मॅडम" म्हटल्यावर संपली. शेतात उभं राहायची सोय नव्हती कारण बिबट्या. हे विनोदाने नाही सांगत, त्या भागात संध्याकाळनंतर उसाच्या कडेने कुणी एकटं जात नाही. स्लॅबवर सेफ.

आणि ढगांचा अंदाज आमच्यापेक्षा तिच्या वडिलांना जास्त चांगला. ढगाळ हवा म्हणजे द्राक्षावर डावण्या, भुरी हे रोग, फवारणीचा खर्च, त्यामुळे बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सॅटेलाइट इमेज आमच्या आधी आलेली असायची. "आज दहापर्यंत घ्या उरकून, नंतर नगरकडून येतंय." आणि यायचं.

आता मोजायचं म्हणजे नक्की काय करायचं, कारण बऱ्याच जणांना वाटतं की सुपरनोव्हाचा सुंदर फोटो आला की झालं. फोटो सुंदर यायची गरजच नाही. उलट ताऱ्यांचे ठिपके जरा फुगीर आले तर बरं, म्हणजे पिक्सेल जळत नाहीत (उजेड मावेनासा झाला की पिक्सेलचा आकडा वाढायचा थांबतो, ते जळणं). तीस-तीस सेकंदांच्या बऱ्याच रॉ फाइल घ्यायच्या. मग लेन्सला झाकण लावून तेवढ्याच वेळाचे काळे फोटो, ते डार्क. मग संध्याकाळच्या उजेडात टेलिस्कोपच्या तोंडावर पांढरा टीशर्ट ताणून फ्लॅट, म्हणजे सेन्सरवरची धूळ आणि कोपऱ्यातला अंधार ह्यांचा परिणाम काढून टाकता येतो. पोरांना डार्क पटतो, फ्लॅट पटत नाही, आणि तो घ्यायचा राहिला की कोपऱ्यातला तारा विनाकारण मंद निघतो. डीएसएलआरमध्ये चार पिक्सेलमागे दोन हिरवे असतात, ते हिरवे तेवढे वेगळे काढायचे, खगोलवाल्यांच्या व्ही फिल्टरच्या (हिरवट-पिवळा उजेड सोडणारी ठरलेली काच) ते जवळ जातात.

मग कॉम्प्युटरवर. सुपरनोव्हाभोवती एक वर्तुळ, त्यातला सगळा उजेड मोजायचा. त्या वर्तुळाबाहेर एक कडं, तिथे आभाळाचा उजेड मोजायचा आणि तो आतल्यातून वजा. हेच सगळं शेजारच्या एका ताऱ्यावर, ज्याची प्रत आधीपासून नीट मोजलेली आहे. दोघांच्या उजेडाच्या गुणोत्तराचा लॉग, गुणिले उणे २.५, की दोघांच्या प्रतीतला फरक हातात. समजा शेजारी १२ चा आहे आणि आपला त्याच्या अडीच पट, तर आपला ११. बस्स एवढंच. गंमत ही की वातावरणाने किती उजेड खाल्ला, पातळ ढग होता का, लेन्सवर दव होतं का, हे सगळं दोघांवर सारखंच होतं म्हणून आपोआप उडून जातं. शेजाऱ्यांचा नकाशा आव्हसोकडून मिळतो (अमेरिकेतली रूपविकारी तारे बघणाऱ्यांची संस्था, १९११ पासून चालू आहे, निरीक्षक कोड कुणालाही मिळतो). त्या नकाशावर ११.९ प्रतीच्या ताऱ्याशेजारी नुसतं ११९ लिहिलेलं असतं, कारण दशांशचिन्हाचा ठिपका छापला तर तो तारा वाटेल. हे वाचून मला इतका आनंद झाला होता की काय सांगू, कुणीतरी शंभर वेळा नकाशा वापरल्याशिवाय असलं सुचत नाही.

आणि मग तो प्रसंग ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

एकाच रात्रीच्या त्याच फाइल्स दोघांनी वेगवेगळ्या मोजल्या, निफाडवाली आणि सिडकोवाला. उत्तरं वेगळी आली. फार नाही, दीडेक दशांश, पण सारखी त्याच दिशेला, तिचा तारा कायम त्याच्यापेक्षा मंद. दोघं माझ्याकडे. "मॅडम, बरोबर कुणाचं?" म्हटलं मला काय माहीत. आणि खरंच माहीत नव्हतं! चेहरे बघण्यासारखे होते. इतकी वर्षं फिजिक्स शिकतायत आणि पहिल्यांदा समोर असा आकडा होता जो ताळून बघायला मॅडमकडेही पुस्तक नाही.

दोन-तीन दिवस भांडले. मग तिनेच शोधलं. हा सुपरनोव्हा एम१०१ च्या भुजेत आहे आणि त्याच्या अगदी शेजारी एनजीसी ५४६१ नावाचा चमकता वायूचा मोठा ढग आहे. तिने कडं मोठं घेतलं होतं, त्यात तो ढग थोडा आत येत होता, मग आभाळ आहे त्यापेक्षा उजळ वाटायचं, वजाबाकी जास्त व्हायची आणि तारा मंद निघायचा. त्याचं कडं छोटं होतं. म्हणजे त्याचं बरोबर? तेही नाही, कारण सुपरनोव्हाच्या खाली दीर्घिकेचा स्वतःचा उजेड असतोच आणि तो वर्तुळाच्या आत किती आहे ते कड्यावरून नीट कळत नाही. ह्यावरचा पक्का उपाय एकच, तारा पुरता विझेपर्यंत थांबायचं, मग त्याच टेलिस्कोपने तीच जागा परत घ्यायची आणि जुन्या फोटोतून ती वजा करायची. वर्ष-दोन वर्षं लागतात. तोवर काय, तर कडं पाच-सहा प्रकारे बदलून बघा, उत्तर किती हलतंय ते बघा, आणि तेवढी अनिश्चितता आकड्यासमोर लिहा.

हे लिहायलाच पोरं तयार नसतात. प्लस-मायनस लिहिणं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणं असं कुठेतरी डोक्यात बसलंय. सिडकोवाल्याचं मात्र चटकन बसलं कारण घरी ते रोजचं आहे. त्याचे वडील म्हणाले होते, "ड्रॉइंगवर टॉलरन्स नसेल तर आम्ही जॉब लावतच नाही मशिनला." पन्नास मिमी म्हणजे काही नाही, पन्नास प्लस-मायनस किती ते सांग. मी दरवर्षी एरर ॲनालिसिसवर लेक्चर घेते, त्यापेक्षा हे वाक्य भारी आहे, आता मी तेच वापरते.

पुढे वटपौर्णिमा आली, ३ जूनला. पूर्ण चंद्र, आभाळ दुधाळ, आणि त्या रात्रीचे ठिपके इतके खाली-वर झाले की निफाडवाली म्हणाली हे काढूनच टाकू, ग्राफ घाण दिसतोय. ह्यावर मी अडले. चंद्राचा उजेड कड्यातून वजा होतो, उत्तर सरकत नाही, फक्त त्याची खात्री कमी होते. मग एरर बार (ठिपक्यावरची अनिश्चितता दाखवणारी उभी रेघ) लांब काढ की. लांब एरर बारचा ठिपका प्रामाणिक ठिपका असतो. काढून टाकायचा तो फक्त जिथे कारण माहीत आहे, उदाहरणार्थ एका पठ्ठ्याने वेळ ग्रिनिचऐवजी आयएसटीत, म्हणजे आपल्या भारतीय वेळेत, भरली होती त्यामुळे त्याचे सगळे ठिपके साडेपाच तास भविष्यात गेले होते. (खगोलवाले दिवस ओळीने मोजतात ती ज्यूलियन तारीख ग्रिनिचच्या दुपारी बारा वाजता बदलते, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला, त्यामुळे आपली अख्खी रात्र एकाच तारखेत बसते. हे एकदा समजलं की फार सोयीचं आहे.) पहिल्या दोन-चार दिवसांत जेव्हा तारा चढत होता तेव्हा साडेपाच तास म्हणजे बराच फरक. त्या चढणीचा सगळ्यात आधीचा भाग तर अशा लोकांकडून मिळाला ज्यांनी शोध लागायच्या आधी सहज म्हणून एम१०१ चे फोटो काढले होते आणि बातमी आल्यावर जुन्या फाइल उघडून बघितल्या. तारा होता त्यात. शास्त्रज्ञांनी ते आकडे वापरले.

मग जून. आधी अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ, मग ढग, मग पाऊस. आमचा ग्राफ तिथे संपला. चढण, शिखर आणि उताराची सुरुवात, एवढंच आमचं.

आता हा तारा म्हणजे टाइप टू, तांबडा महाराक्षसी तारा, पोटातलं इंधन संपल्यावर गाभा कोसळला आणि बाहेरचं कवच उडालं. हबल आणि स्पिट्झर ह्या अवकाश दुर्बिणींच्या जुन्या फोटोंमध्ये तो फुटायच्या आधीचाही दिसतो. अशांचा उजेड शिखरानंतर लगेच पडत नाही, बरेच दिवस पठार असतं, कारण कवचातला हायड्रोजन बाहेरून आत हळूहळू थंड होत जातो आणि जिथे तो साधारण सहा हजार केल्विनच्या खाली येतो तिथून उजेड सुटतो, ती सीमा आत सरकत राहते. सगळा हायड्रोजन संपला की धाडकन घसरण. आयएक्सएफचं पठार जरा उतरतं होतं आणि तो घसरला साधारण ऐंशीएक दिवसांनी. म्हणजे ऑगस्टमध्ये. म्हणजे भर श्रावणात, निफाडच्या स्लॅबवर ताडपत्री. मुख्य सीन चालू असताना आमच्याकडे पडदा.

पण आव्हसोच्या साइटवर जगभरच्या लोकांचे आकडे रोज येतात आणि सगळ्यांना खुले असतात, तर पोरांनी त्यावर स्वतःचे ठिपके लाल रंगात टाकले. आमचे लाल ठिपके त्या गर्दीत बसले हे बघून सिडकोवाला खुर्चीतून उठला वगैरे. मला विचाराल तर खरी मजा त्याच्या पुढे होती.

घसरणीनंतर जो मंद उजेड उरतो तो किरणोत्सर्गाचा. स्फोटात निकेल-५६ तयार होतं, त्याचं अर्धायुष्य सहा दिवस, त्याचं होतं कोबाल्ट-५६, अर्धायुष्य ७७ दिवस, आणि त्याचं शेवटी लोखंड. म्हणजे शेपटीचा उतार कोबाल्टने ठरवायला पाहिजे, हिशोब केला तर शंभर दिवसांत जवळपास ०.९८ प्रत. बीएस्सीला अर्धायुष्याचं गणित दहा वेळा केलेलं असतं. निफाडवाली खूश, कारण शेवटी एकदाचं उत्तर माहीत असलेलं काहीतरी मिळालं! लोकांच्या आकड्यांवरून उतार काढला. येईना. जास्त तीव्र येत होता. मग सुरू झालं, हा निरीक्षक वगळून बघू, सुरुवातीचे दहा दिवस सोडून बघू, फिट बदलून बघू. मी गप्प बसून बघत होते, कारण हे मी लॅबमध्ये आयुष्यभर बघत आलेय, फक्त इथे आकडे दुसऱ्यांचे होते आणि बनवता येत नव्हते. काही केल्या ०.९८ येईना.

येणारच नव्हता. ०.९८ तेव्हा येतो जेव्हा कोबाल्टमधून निघणारे सगळे गॅमा किरण कवचात अडकून त्यांचा उजेड होतो. आयएक्सएफचं कवच ते सगळे अडवू शकत नव्हतं, काही गॅमा तसेच बाहेर निसटत होते, म्हणून हा तारा कोबाल्टच्या हिशोबापेक्षा वेगाने विझत गेला. ह्यावर नंतर मोठमोठ्या टेलिस्कोपवाल्यांचे पेपर आले. म्हणजे पोरीचा उतार चुकलेला नव्हता. तिने तो ०.९८ ला आणून ठेवला असता तर कवचातून काय निसटतंय ही बातमी तिने स्वतःच्या हाताने खोडली असती. जर्नलला दहापैकी दहा मिळाले असते मात्र.

अजून एक काम त्यांना दिलं होतं. ह्याच एम१०१ मध्ये २४ ऑगस्ट २०११ ला एसएन २०११एफई सापडला होता, तो टाइप वन-ए, म्हणजे श्वेतबटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहानसा घट्ट गाभा) सूर्याच्या वस्तुमानाच्या १.४ पटीच्या आसपास पोचून फुटतो तो प्रकार, चंद्रशेखर मर्यादा ती, जिचं गणित चंद्रशेखर १९३० मध्ये बोटीवरून इंग्लंडला जाताना करत होते. तो जवळपास १० प्रतीपर्यंत गेला होता. दीर्घिका एक, अंतर एक, दोन वेगळे स्फोट, दोन्हींचे आकडे फुकट उपलब्ध. दोन्ही वक्र एकावर एक ठेवले की पठार कुणाला आहे आणि कुणाला नाही ते न सांगता दिसतं. माझ्या मते हे एक प्रॅक्टिकल म्हणून उद्या कुठल्याही कॉलेजला लावता येईल, टेलिस्कोप नसला तरी. कोण लावणार हा प्रश्न वेगळा.

आणि ढगांचं रडगाणं गाणाऱ्यांसाठी, २१ जानेवारी २०१४ ला लंडनमध्ये मिल हिलच्या वेधशाळेत स्टीव्ह फॉसी हे विद्यार्थ्यांना कॅमेरा कसा वापरायचा ते दाखवत होते, ढग यायला लागले म्हणून घाईघाईत सोपं आणि उजळ काहीतरी म्हणून एम८२ दीर्घिकेवर टेलिस्कोप लावला, आणि तिथे नको तो तारा होता. एसएन २०१४जे. दहा मिनिटांचं आभाळ मिळालं होतं त्यांना. आपल्याकडे लडाखला हान्लेला आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्थेचा ग्रोथ-इंडिया नावाचा ७० सेमीचा रोबोटिक टेलिस्कोप हेच काम करतो, त्याने आयएक्सएफसुद्धा मोजला. त्याला पावसाळ्याची आमच्याइतकी भीती नाही.

सध्या पोरं टी कोरोनी बोरिॲलिस ह्या ताऱ्याच्या मागे आहेत. उत्तर मुकुट तारकासमूहात, स्वातीपासून फार लांब नाही. हा सुपरनोव्हा नव्हे, नोव्हा, फुटतो पण मरत नाही. १८६६ ला फुटला, १९४६ ला फुटला, एरवी १० प्रतीचा असतो आणि फुटला की दोनच्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी. मी हे लिहितेय तोवर तरी फुटलेला नाही. तो फुटायच्या आधीचे आकडेही लागतात, त्यामुळे १० चा असताना मोजत राहायचं, अंजनेरीहून म्हणा, म्हसरूळच्या गच्चीवरून म्हणा. आणि फुटला की हा रिफ्रॅक्टर बाजूला ठेवायचा कारण पिक्सेल जळतील, तेव्हा साधी पन्नास मिमीची लेन्स, ट्रायपॉड, फोकस किंचित हलवलेला, पाच सेकंदांचे एकामागून एक फोटो.

नाशिकमध्ये कुणाकडे डीएसएलआर धूळ खात पडला असेल तर खरंच या. रॉ फाइल लागतील, डार्क आणि फ्लॅटसकट, घड्याळ सेकंदापर्यंत मोबाइलशी लावलेलं. जेपीईजी पाठवले तर मी उघडणार नाही.